दोघींचं कॅल्शियम

आई स्टुलावरून पडली तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उसवत होते. आवाज काही फार मोठा झाला नाही. भरलेली पिशवी जमिनीवर टाकावी, तेवढाच. दातांत धरलेला दोरा तसाच ठेवून मी आत धावले, तर ती भिंतीला टेकून बसलेली आणि डावं मनगट मांडीवर. चमचा वाकावा तसं ते वाकलं होतं.

"काही झालं नाही गं," ती म्हणाली. "पडद्याची कडी निघाली होती, तेवढी अडकवत होते."

एकाहत्तर वर्षांची बाई पडद्याची कडी अडकवायला स्टुलावर चढते, आणि बाहेरच्या खोलीत पोटची पोर बसलेली असते. पण मला हाक मारायची नाही. का, तर "तू कामात होतीस."

मनगटाला प्लास्टर झालं. हाडांचा फोटो झाला, मग त्यांची घनता मोजायची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. मी कपडे शिवते हे कळल्यावर म्हणाल्या, "विरलेलं कापड बघता ना तुम्ही? वरून धड दिसतं, उजेडासमोर धरलं की आरपार. यांची हाडं तशी झालीत." रोज जेवणासोबत कॅल्शियमची एक गोळी, आठवड्याला डी जीवनसत्त्वाची एक, आहार नीट, आणि वर्षाने पुन्हा तपासणी.

मी खाली मान घालून ऐकत होते. गेल्या दोन वर्षांत आईच्या गाऊनची दुमड मी दोनदा वर घेतली होती. मला वाटायचं, कापड सैल पडतंय. कापड नव्हतं, आईच बुटकी होत होती. सगळ्या गावाची मापं काढणारीला घरातलं माप कळलं नव्हतं.

धाकटीला फोन केला. ती तिसऱ्या दिवशी आली.

धाकटीला घरात सगळे छकुली म्हणतात. अडतीस वर्षांची झाली तरी छकुलीच. पाच तासांवरच्या शहरात एका मोठ्या दवाखान्यात ती आहारतज्ज्ञ आहे. कुणाच्या ताटात काय असावं हे ती ठरवते आणि लोक ते मान डोलावून ऐकतात. मी शाळा सोडून मशीनवर बसले म्हणून ती शिकली. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. मनात मात्र रोज एकदा बोलते.

ती आली ती दोन पिशव्या घेऊन. एका पिशवीत तिचे कपडे, दुसरीत बरण्या. बदाम, तीळ, भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या बिया. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, तिच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी तिने फ्रिजच्या दारावर एक तक्ता लावला. निळ्या रकान्यात कॅल्शियम, हिरव्या रकान्यात मॅग्नेशियम. दूध, दही, काट्यासकट खायचे बारीक मासे निळ्यात. पालेभाज्या, डाळी, बिया, अख्खं धान्य हिरव्यात. तीळ आणि बदाम दोन्हीकडे.

"अक्का, नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही," ती मला समजावत होती. "ते हाडात बसायला डी लागतं, आणि डी कामाला लावायला मॅग्नेशियम लागतं. दोन्हींचा तोल राहायला हवा. आईच्या पोटऱ्यांत गोळे येतात ना? तिच्या खाण्यात मॅग्नेशियम कमी पडत असणार. संध्याकाळी त्याची एक हलकी गोळी देऊ. डॉक्टरांना विचारलंय मी. फक्त कॅल्शियमच्या त्या मोठ्या गोळीसोबत देऊ नकोस, एवढ्या मात्रेत दोन्ही एकमेकींना आडव्या जातात."

"म्हणजे इतकी वर्षं मी तिला उपाशी ठेवली का?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"तू नाही म्हणत. तक्ता म्हणतोय."

ती हसली. तिला वाटलं, मी गंमत केली.

अकरा वर्षं आई माझ्याकडे आहे. अकरा वर्षं मी तिच्यासाठी भाजी बारीक चिरते, कारण तिच्या दाढा गेल्यात. मासे आणते, काटे काढते. (आता कळलं, काटे काढायचे नव्हते!) त्या अकरा वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात डोकावून कुणी म्हटलं नाही, की वा, काय छान जेवायला घालतेस. आणि तक्ता लागल्या दिवशी खालच्या लाँड्रीवाल्या वहिनी खास दोन जिने चढून तो बघायला आल्या. इस्त्रीचे कपडे हातात तसेच.

आई प्लास्टरच्या हाताने एकेक रकाना दाखवत होती. "छकुलीने केलंय. हे निळं म्हणजे कॅल्शियम बरं का."

"किती हो हुशार पोर तुमची," वहिनी म्हणाल्या. मी तिथेच उभी होते, कढईत डाळ परतत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

छकुली चार दिवसांनी गेली, पण गेली असं म्हणता येईना. रोज सकाळी आठला तिचा व्हिडिओ कॉल. आई फोन ताटावर धरायची, कॅमेऱ्यात कधी बदाम दिसायचे, कधी छत. "आज किती बिया खाल्ल्यास? दूध झालं का? उन्हात बसलीस का?" आई शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं द्यायची. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. खाली शेळ्यांमागे धावणारी मी.

एक दिवस मी मोजलं. सकाळपासून जेवणापर्यंत आई "छकुली म्हणते" असं सतरा वेळा म्हणाली.

तीन आठवड्यांनी आईच्या पोटऱ्यांतले गोळे थांबले. कित्येक वर्षं पहाटे तिची हाक यायची आणि मी झोपेतून उठून तिची पोटरी चोळायचे, तळवा वर दाबून धरायचे, दगडासारखा गोळा माझ्या अंगठ्याखाली हळूहळू विरघळायचा. आता हाक येईना. मला आनंद व्हायला हवा होता. आई चहा पिताना म्हणाली, "छकुलीच्या बिया लागू पडल्या बघ."

"बिया भाजल्या कुणी? कुटल्या कुणी? सूपमध्ये घालून तुझ्यापुढे ठेवल्या कुणी?"

"तू गं. मी कुठे नाही म्हणते?"

पण तिच्या आवाजात जे छकुलीसाठी होतं ते नव्हतं. आपल्या भाषेत मत्सराला पोटात दुखणं म्हणतात ते उगाच नाही. मला खरंच तिथे दुखायचं, बरगड्यांच्या खाली, मशीनवर वाकले की जास्त.

त्याच सुमाराला जिमवाली आली. व्यायामशाळेत शिकवणारी उंच, दणकट बाई, तिच्या सगळ्या पँट्स मीच लांब करून देते. आईचं प्लास्टर बघून म्हणाली, "मावशींना कॅल्शियम भरपूर द्या. मी रोज घेते, भारीतलं. माझ्या आजीचं हाड तर दुसऱ्या तपासणीत इतकं सुधारलं की डॉक्टर बघत राहिले."

डॉक्टर बघत राहिले. हे तीन शब्द माझ्या डोक्यात बसले. वर्षाने पुन्हा तपासणी होणारच होती. मी ते चित्र रंगवायला लागले. डॉक्टरीणबाई कागद हातात घेऊन म्हणतायत, "काय केलंत हो तुम्ही?" आणि मी म्हणतेय, "काही नाही, घरच्या घरी थोडं लक्ष दिलं." छकुली शेजारी उभी. तिचं तोंड मला स्पष्ट दिसायचं.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून मी मोठी बरणी आणली. दुकानदार काकांनी विचारलं, "किती जणांसाठी?"

"तिघांसाठी," मी म्हणाले. आमच्या घरात दोनच माणसं आहेत.

आईला सांगितलं, "डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्यात. पण छकुलीला बोलू नकोस, ती उगाच फाटे फोडत बसेल." आई मान हलवून बरं म्हणाली. आधी दोन जास्तीच्या दिल्या. महिन्याभराने चार केल्या. दुधाचा एक पेला वाढवला. आणि बिया? बियांची बरणी मी वरच्या फळीवर मागे सारली. "संपल्यात, आणू सावकाश." संध्याकाळची ती मॅग्नेशियमची हलकी गोळीही बंद केली. ते हिरवं प्रकरण छकुलीचं होतं. माझं निळं. तिच्या मदतीशिवाय मला आईला बरं करून दाखवायचं होतं. हे असं शब्दांत मी तेव्हा मांडलं नव्हतं, पण दुसरं काही कारण नव्हतं.

पुढचे दोन-तीन महिने मी आज आठवते तेव्हा सगळं लख्ख दिसतं. तेव्हा काही दिसलं नाही. आईचं पोट साफ होईना. मी म्हटलं, वय झालं. छातीत जळजळ व्हायला लागली म्हणून ती चघळायच्या गोळ्या खायला लागली, त्या गोड, गुलाबी, पित्तावरच्या. दिवसाला सहा-सात. त्यातही कॅल्शियमच असतं हे मला कुठे ठाऊक? तहान इतकी लागायची की उशाशी तांब्या पुरेना. जेवण कमी झालं. गोळे पुन्हा यायला लागले. पहाटे हाक आली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी तिची पोटरी चोळत बसले आणि मनात म्हटलं, बघ, शेवटी माझेच हात लागतात.

मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर आई माझ्याकडे बघून म्हणाली, "छकुली, तू कधी आलीस?"

"मी आहे आई. अक्का."

"हो का," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने पुन्हा, "छकुली, अक्का कुठे गेली?"

तळपायाची आग मस्तकाला गेली. अकरा वर्षं करून शेवटी हेच, तिच्या तोंडात त्याच पोरीचं नाव! मी चहा ठेवला आणि बाहेर येऊन मशीनवर बसले. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. ताट ठेवलं, उचललं. ताटातलं अर्धं तसंच होतं, तरी विचारलं नाही. ती दिवसभर झोपून राहायची. सकाळी आठचा कॉलही मीच "झोपलीय" म्हणून संपवायचे. मी मनाशी म्हणत होते, असू दे, स्वप्नात छकुलीशी बोलू दे. शहाणं माणूस जे पहिल्या मिनिटाला ओळखेल, ते मी माझ्या दुखऱ्या पोटापायी दोन दिवस पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाँड्रीवाल्या वहिनी पडद्यांचं माप द्यायला आल्या होत्या. आई आतून आली. केस मोकळे, एका पायात चप्पल. ती सरळ माझ्या शिवणाच्या पुतळ्यापाशी गेली. त्याच्या अंगावर एक अर्धवट शिवलेला कोट होता. आईने कोटाची कॉलर नीट केली आणि अगदी आदराने विचारलं, "तुमची बस कितीची आहे?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. आई उत्तराची वाट बघत होती.

टॅक्सीत तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि तिच्या तोंडाला कोरडा, धातूसारखा वास येत होता. दवाखान्यात रक्त घेतलं, नळी लावली. तासाभराने डॉक्टरीणबाई आल्या. "रक्तात कॅल्शियम फार वाढलंय. मूत्रपिंडांवर ताण आलाय. गुंगी, भ्रम, सगळं त्यामुळे. गोळ्या कशा देत होतात?"

"तुम्ही सांगितल्या तशा," मी म्हणाले. "एक."

"एकच? नक्की?"

"एकच."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "एकाने एवढं वाढणार नाही. मग दुसरं कारण शोधावं लागेल. कधी ग्रंथींचं असतं, कधी शरीरात कुठे गाठ असते. उद्यापासून तपासण्या सुरू करू. तोवर घरी जाऊन त्या जे जे घेतात ते सगळं घेऊन या. अगदी सगळं."

मी घरी आले. छकुलीला वाटेतच फोन झाला होता, ती निघाली होती. मी आईचं कपाट उघडलं. रक्तदाबाच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, त्या गुलाबी गोळ्यांची तीन रिकामी पाकिटं. आणि शालीच्या घडीखाली एक तपकिरी लिफाफा, पोस्टाने आलेला. आत गोळ्यांची डबी, त्यावर मोत्यासारखं अक्षर. "कॅल्शियम-मॅग्नेशियम. सकाळी एक, संध्याकाळी एक. अक्काला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल."

मी पलंगावर बसले. डबी अर्ध्याहून जास्त रिकामी होती.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगितलंच पाहिजे. आनंद झाला. पोटातलं दुखणं एका झटक्यात थांबलं. मोठी शहाणी! तक्तेवाली! चोरून गोळ्या पाठवणारी! मी डबी लिफाफ्यासकट पिशवीत टाकली, रक्तदाबाच्या गोळ्या टाकल्या, ती गुलाबी पाकिटं टाकली. स्वयंपाकघरात माझी मोठी बरणी ओट्यावर होती. ती मी डाळीच्या डब्यामागे ढकलली आणि कुलूप लावून जिना उतरायला लागले.

पहिल्या वळणावर थांबले. डॉक्टरीणबाई छकुलीच्या दोन गोळ्या मोजतील, आपली एक मोजतील, आणि म्हणतील, एवढ्याने काही होत नाही. मग गाठ शोधतील. आईला सुया टोचतील, यंत्रात घालतील, पोटात नळ्या घालतील, आणि जी गाठ नाहीच ती शोधत बसतील. गाठ होती ती माझ्या डाळीच्या डब्यामागे.

मी परत वर गेले. कुलूप उघडलं आणि डब्यामागची बरणी पिशवीत टाकली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं टेबलावर एका ओळीत मांडलं. माझी बरणी त्या ओळीत सगळ्यात मोठी दिसत होती. "चार देत होते," मी म्हणाले. "मघाशी खोटं बोलले."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोसलं असतं. कागदावर बेरीज केली. "तुमच्या चार, आमची एक, या डबीतल्या दोन, या गुलाबी सहा-सात, वर तीन पेले दूध. हवं त्याच्या चौपट जातंय रोज. त्यात डी. त्यात ही रक्तदाबाची गोळी कॅल्शियम बाहेर पडू देत नाही. आणि मॅग्नेशियम बघा, तळाला. कॅल्शियम इतकं वर गेलं की मूत्रपिंड मॅग्नेशियम बाहेर फेकायला लागतात. अहो, हे औषध आहे. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणून खाऊ होत नाही."

"बरी होईल ना?"

"वेळेत आणलंत. पाणी चढवू, सगळ्या गोळ्या बंद. चार-पाच दिवसांत उतरेल." मग थोडं थांबून म्हणाल्या, "दोन दिवस आधी आणायला हवं होतं."

ते दोन दिवस मी कुठे घालवले होते हे त्यांना कसं सांगणार?

छकुली रात्री पोचली. पिशवी खांद्यालाच, केस वाऱ्याने विस्कटलेले. व्हरांड्यातल्या बाकावर मी बसले होते, तिथे ती उभी राहिली. डॉक्टरीणबाईंना भेटून आली होती. "चार, अक्का? चार? वरून चार? तुला कळत नव्हतं तर मला विचारायचं ना!"

मी तपकिरी लिफाफा तिच्यापुढे केला. तिने तो ओळखला. हातात घेतला, उघडला नाही. मग ती माझ्या शेजारी बसली, धपकन, लहानपणी बसायची तशी.

समोरून एक नर्स चाकाची खुर्ची ढकलत गेली.

"आई फोनवर म्हणाली, अक्का आता बिया देत नाही," छकुली म्हणाली. "मी हिशेब केला, खाण्यातून कमी पडतंय तर गोळीने भरून काढू. तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

"भांडले असते."

"म्हणून नाही पण. खरं कारण ते नाही." ती लिफाफ्याचा कोपरा दुमडत होती. "मला वाटलं, आईजवळ माझं काहीतरी असावं. रोज तिने हातात घ्यावं असं. तुला काय, तुला ती सगळी मिळते. मला रोज सकाळी पाच मिनिटं मिळतात, त्यात अर्धा वेळ तुमचं छत दिसतं."

मला हसू आलं, आणि मग रडू आलं. मी तिला सांगितलं की आई दिवसातून सतरा वेळा "छकुली म्हणते" म्हणते. छकुली म्हणाली, "आणि माझ्याशी बोलताना सारखं 'अक्काने हे केलं, अक्काने ते केलं.' मी फोन ठेवला की दवाखान्यात कुणावर तरी खेकसते."

हे मला ठाऊक नव्हतं. आईने कधी सांगितलं नव्हतं. तिने दोघींना दुसरीचं कौतुक ऐकवलं होतं आणि जिचं तिला द्यायचं विसरली होती.

चौथ्या दिवशी आई शुद्धीत, उशीला टेकून बसली. आम्ही दोघी दोन बाजूंना.

"दोन्हीकडच्या गोळ्या का घेतल्यास गं?" छकुलीने विचारलं.

"एकीच्या घेतल्या असत्या तर दुसरीचं मन मोडलं असतं."

"मग सांगायचं तरी!"

"तू म्हणालीस अक्काला सांगू नकोस. ही म्हणाली छकुलीला सांगू नकोस. मी कुणालाच नाही सांगितलं. मी शब्दाची पक्की आहे." मग तिचा चेहरा बदलला. तसा चेहरा मी लहानपणी पाहिला होता, आम्ही दोघींनी एकच बाहुली दोन बाजूंनी ओढून फाडली होती तेव्हा. "पुरे झालं आता. माझ्या पोटात काय जायचं ते आधी मला विचारायचं. दोघींनी. आणि डॉक्टरीणबाईंसमोर. कळलं?"

"कळलं," आम्ही म्हणालो. दोघींचा आवाज एकदम आला.

डॉक्टरीणबाईंनी सध्या सगळ्या गोळ्या थांबवल्या. मूत्रपिंडांना विश्रांती, भरपूर पाणी, साधं घरचं खाणं, आणि महिन्याने रक्त तपासून मग हाडांसाठी काय द्यायचं ते ठरवू म्हणाल्या. "कॅल्शियम वाईट नाही, मॅग्नेशियम वाईट नाही," त्या म्हणाल्या. "ताटातून येतं तेव्हा शरीर स्वतः माप घेतं. गोळीचं माप आपण घ्यायचं असतं."

घरी जायच्या दिवशी आई म्हणाली, "मी महिनाभर छकुलीकडे जाऊन येते."

झालं. बरगड्यांखाली पुन्हा तेच. सगळं कबूल केलं, सगळं रडून झालं, तरी ते तिथेच होतं, घरच्या मांजरासारखं. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. निदान मला तसं वाटलं. छकुली मात्र हळूच म्हणाली, "अक्का, नको पाठवायची असेल तर सांग."

"जाऊ दे तिला," मी म्हणाले. "तुझ्याकडे कधी राहिलीय ती?"

बस स्टँडवर मी छकुलीला एक कागद दिला. माझं अक्षर काही मोत्यासारखं नाही, पण दोन्ही बाजू भरल्या होत्या. पालेभाजी बारीक चिरायची, देठ काढून. मासे मऊ शिजवले तर काटे चावले जातात. दही थंड दिलं तर खात नाही. डाव्या कुशीवर झोपू द्यायची नाही, मनगट दुखतं. छकुलीने तो तिथेच उभ्या उभ्या वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि घडी करून पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवला. बस सुटली. आई खिडकीतून प्लास्टर निघालेला हात हलवत होती. तो हात किती बारीक झाला होता.

पहिले आठ दिवस मी खूप शिवलं. साठलेलं सगळं काम उरकलं. घर इतकं गप्प होतं की एक दिवस मी लाँड्रीवाल्या वहिनींना स्वतःहून चहाला बोलावलं.

नवव्या दिवशी दुपारी छकुलीचा फोन आला. आवाज दमलेला.

"अक्का, आई पाणीच पीत नाही गं. डॉक्टरांनी दिवसाला दहा पेले सांगितलेत. मी आठवण करते, ओरडते, पेला हातात देते. दोन घोट घेते आणि ठेवून देते. तुझ्या कागदावर यातलं काहीच नाही. तू कशी पाजतेस?"

मला माहीत होतं. कागद लिहिताना सुचलं नव्हतं, कारण ती गोष्ट मी इतकी वर्षं न बोलता करत आले होते. आता छकुली विचारत होती, जिला शेकडो लोक विचारतात ती. खुर्ची मागे सरकवली, मशीनवरचं कापड बाजूला केलं, खिडकी उघडली. तेवढा वेळ मी ते एकटीने जवळ ठेवलं, आणि तो वेळ मला फार गोड लागला. लाज वाटते, पण लागला.

"अक्का? ऐकतेयस ना?"

"तिला देऊ नकोस," मी म्हणाले. "तिच्याजवळ बस आणि स्वतः पी. दोन पेले भर, एक तुझा, एक तिचा. तू प्यायलीस की ती पिते. एकटीने पाणी पिणं तिला औषधासारखं वाटतं."

"एवढंच?"

"एवढंच. पण खरं प्यायचं. नुसता पेला तोंडाला लावून भागत नाही, तिला कळतं."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. दूर नळ सुरू झाला, बंद झाला. खुर्ची ओढली गेली. मग आईचा आवाज, "अगं, तू काम करत होतीस ना?" आणि छकुलीचा, "बसले जरा." मग काही नाही. दोघी पीत असाव्यात. त्यांच्या त्या खोलीत मी नव्हते, ती खोली मी कधी पाहिलीही नव्हती, आणि माझ्या बरगड्यांखाली ते मांजर पुन्हा उठून बसलं.

"छकुली," मी फोनमध्ये मोठ्याने म्हणाले, "सावकाश पी म्हणावं. तिला ठसका लागतो."